तेलाचा हात

मास्तरांनी हातात घेतलेला कागद कधी कोरडा राहिला नाही. वर्तमानपत्र वाचून खाली ठेवलं की दोन्ही कडांना त्यांच्या अंगठ्याएवढ्या खिडक्या पडलेल्या असायच्या आणि त्यांतून मागच्या पानावरची बातमी उलटी वाचता यायची. घरातली दिव्यांची बटणं, दाराची कडी, कपाटाची मूठ, सगळ्यांवर चकाकी चढलेली. काचेचा पेला ते लहान मुलासारखा दोन्ही हातांनी धरायचे, कारण एका हातात तो टिकायचाच नाही. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर सही केली की सहीशेजारी डाग ठरलेला. "तुमच्याकडे जेवता जेवता सह्या करतात का गं?" असं वर्गातल्या बाईंनी एकदा विचारलंही होतं.

हे मास्तर शाळेतले नव्हेत बरं. शाळेशी त्यांचं कधी जमलंच नाही. ते सलूनमध्ये डोक्याची मालिश करायचे. केस कापायला आणि दाढीला दुसरे दोघे होते. मास्तरांची खुर्ची वेगळी, खिडकीजवळची, आणि त्या खुर्चीत माणूस फक्त डोकं द्यायला बसायचा. 'मास्तर' हे नाव सलूनच्या मालकांनी ठेवलेलं. मालकांना स्वतःला चक्क टक्कल. "माझ्या डोक्यावरची शेती केव्हाच संपली, पण मास्तरांचा हात फिरला की जमीन अजून जिवंत आहे एवढं कळतं," असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

तेल मास्तर घरीच करायचे. मोठ्या पातेल्यात, मंद आचेवर, सुकी पानं नि मुळं टाकून, न कंटाळता ढवळत. ते तापत असताना घरात कोणी मोठ्यानं बोललेलंसुद्धा त्यांना खपायचं नाही. "माझ्या बाळंतपणात नाही हो घेतलीत एवढी काळजी," असं बायको म्हणायची, आणि मास्तर बोटानं ओठ दाबून तिला गप्प करायचे.

त्या हाताचीही एक गंमत होती. मास्तर पोरसवदा होते, मामांच्या हाताखाली नुकतेच काम शिकत होते, तेव्हा दुकानाचं लोखंडी शटर त्यांच्या उजव्या हातावर आलं. करंगळीशेजारचं बोट मोडलं. ज्यानं हाड बसवलं त्यानं घाईत बसवलं, आणि बोट जरा मागं वळूनच जुळलं. हात सपाट टेकवला की बाकीची बोटं टेकायची आणि हे एकटं वर, रुसून बसल्यासारखं. मामांनी तर कपाळाला हातच लावला. पण मास्तरांनी उरलेल्या बोटांनाच असं काही वळण लावलं की गिऱ्हाइकाला कधी पत्ताही लागला नाही. ते वाकडं बोट मात्र आयुष्यभर कोरडं राहिलं. ना त्याला तेल माहीत, ना कुणाचं कपाळ. मास्तरांना त्याची मनातून लाजच वाटायची.

एकदा सलूनमध्ये एक गृहस्थ आले. चेहरा दगडी. "घाईत आहे, लवकर उरका," म्हणाले. मास्तरांनी डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. चोळणं नाही, दाबणं नाही. मालक लांबून खुणा करतायत, अहो, करा की सुरू! मास्तर ढिम्म. थोड्या वेळानं त्या गृहस्थांचे खांदे हलायला लागले. टॉवेल तोंडाला लावून तो बाप्या लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. त्यांची बायको त्याच आठवड्यात गेली होती आणि तोवर त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं हो?" मालकांनी नंतर विचारलं. मास्तर स्वतःच चक्रावले होते. "मला कुठं कळलं? हाताला कळलं," म्हणाले.

लोकांना वाटायचं, मास्तरांना आपल्या हाताचा गर्व असेल. गर्व कसला, त्यांना हाताचा धाक होता. आणि डोक्यांचा तर त्याहून. एवढीशी कवटी, वर पातळ कातडं, आत माणसाचं अख्खं जग, आणि हे सगळं कुणीतरी बिनधास्त आपल्या हातात सोपवून डोळे मिटतो! इतकी वर्षं झाली तरी कधी कधी या विचारानं त्यांच्या अंगावर काटा यायचा.

लेक जन्मली तीच मुळी रडत आली आणि रडतच राहिली. दूध झालं, झोके झाले, आई रडकुंडीला आली, पोर काही थांबेना. शेवटी मास्तरांनी घाबरत घाबरत तिच्या कपाळावर तळवा ठेवला. लिंबाएवढं ते कपाळ. पोर अशी गप्प झाली की बाहेरच्या नर्सबाई 'काय झालं, काय झालं' करत धावत आत आल्या. मास्तर भिंतीला टेकून उभे होते आणि स्वतःच्या हाताकडे बघत होते. तो हात कुणा दुसऱ्याचाच आहे असं त्यांना वाटत होतं.

तेव्हापासून रिवाजच पडला. संध्याकाळी मास्तर दारात आले की चपला काढायच्याही आधी लेक पुढं यायची आणि कपाळ वर करायची. मास्तर भुवयांपासून केसांपर्यंत हात फिरवायचे आणि निदान सांगायचे. "गणिताचा पेपर होता वाटतं." "मैत्रिणीशी वाजलंय." "उद्या ताप येणार बघ." कधी चुकायचे नाहीत. पोरगी तोंडात बोट घालायची. त्यामुळे 'आज काय झालं गं?' असं लेकीला विचारायची त्या घरात बापावर कधी वेळच आली नाही.

घरात तिला भिंगरी म्हणायचे. एका जागी बसेल तर शपथ. जेवताना उभी, अभ्यास करताना फेऱ्या. पुढं शाळेच्या रिले शर्यतीत शेवटचा टप्पा तिच्याकडे आला, आणि ती धावायची ते बघायला मास्तर चक्क सलूनमधून सुट्टी काढायचे. केस मागं घट्ट बांधलेले, कपाळ उघडं, आणि पोरगी नुसती वाऱ्यावर.

आणि मग त्या कपाळावर मुरूम आले.

आधी दोन-चार. मग बघता बघता कपाळ भरलं. आई 'पुटकुळ्या' म्हणायची, भिंगरी 'पिंपल्स' म्हणायची, काही म्हणा, जायला तयार नाहीत. मास्तरांची थोरली बहीण राहायला आली तिनं हौसेनं डॉक्टरकी सुरू केली. आधी लिंबू चोळलं, पोर किंचाळली. मग प्रत्येक मुरमावर टूथपेस्टचा ठिपका दिला. सकाळी उठून बघतात तर कातडं लालभडक आणि सोललेलं. "गुण यायच्या आधी असं होतंच," आत्याबाई म्हणाल्या आणि दुपारच्या गाडीनं आपल्या घरी गेल्या.

भिंगरीनं एके दिवशी कात्री घेऊन स्वतःच पुढचे केस कापले आणि कपाळावर झालर सोडली. सलूनमधल्या माणसाच्या घरात ही असली वाकडीतिकडी झालर! मास्तर हसायला गेले आणि तिचा चेहरा बघून मध्येच थांबले. मग तिचं मैदानावर जाणं बंद झालं. धावताना झालर उडते ना. रिलेतल्या बाकीच्या तिघी दाराशी यायच्या, हाका मारायच्या, आणि ही आतून सांगायची, "आई, मी नाही म्हणून सांग." एका जागी कधी न बसणारी पोर खिडकीशी तासन् तास बसून राहायला लागली. घरात भिंगरी होती आणि नव्हती. मास्तरांच्या जिवाला घोर लागला. मुरूम राहिले तर राहोत मेले, पण ही पुन्हा गरगरली पाहिजे, एवढं एकच त्यांना हवं होतं.

संध्याकाळी मात्र ती दाराशी यायचीच. आपल्या हातानं झालर बाजूला करायची आणि कपाळ वर करायची. ते कपाळ आता जगात एकट्या बापाला बघायला मिळत होतं.

आता मालिशवाला माणूस अशा वेळी काय करील? ज्याच्या तेलानं भल्याभल्यांची डोकेदुखी पळाली, निद्रानाशवाले खुर्चीत घोरायला लागले, तो काय मलमं शोधत फिरणार? मास्तरांनी लेकीसाठी खास तेल करायला घेतलं. कधी नव्हे ती पानं आणली, निवडली, तेल दोनदा उकळवलं, तलम कापडातून गाळलं. आयुष्यात असं तेल त्यांनी कुणासाठी केलं नव्हतं. रोज संध्याकाळी ते तिला समोर उभी करायचे आणि भुवयांपासून केसांपर्यंत सरळ उभा उजवा हात फिरवत ते तेल कपाळात जिरवायचे. भिंगरी डोळे मिटून उभी राहायची. "बरं वाटतंय ना?" मास्तर विचारायचे. "हं," ती म्हणायची.

बरं कसलं वाटतंय! मुरूम दुप्पट झाले. मास्तर म्हणायचे, तेल मुरतंय, आतलं बाहेर पडतंय. आणखी जोमानं लावायचे.

त्याच सुमाराला पोरीच्या नव्या सवयी बघून मास्तरांना नवल वाटायला लागलं होतं. उशीचा अभ्रा ती स्वतःच्या हातानं धुवायची आणि दोरीवर वाळत घालायची. घरात कामाला हात न लावणारी पोर ही! सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यानं तोंड धुवायची, आणि कसं, तर हलकेच, जणू चेहरा काचेचा आहे. पुसायला स्वतःचा वेगळा पंचा. वाचता वाचता हात कपाळाकडे जायला लागला की दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसायची. "शहाणी व्हायला लागली हो तुमची लेक," बायको म्हणाली. मास्तरांनाही तसंच वाटलं. मोठी झाली पोर, ते मनात म्हणाले, आणि त्यांना उगीचच थोडं वाईट वाटलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारची गोष्ट. भिंगरी खिडकीखाली चटईवर झोपली होती. वाऱ्यानं झालर मागं गेली होती आणि उन्हाचा एक पट्टा थेट कपाळावर आला होता. तिला ऊन लागू नये म्हणून मास्तर पडदा ओढायला गेले आणि तिथंच खिळले. बघा हं, या माणसानं लेकीचं कपाळ रोज हाताळलं होतं, पण डोळे भरून बघितलं होतं का? नाही. त्यांचे डोळे हातात. आज पहिल्यांदा त्यांनी ते नुसतं बघितलं.

कपाळभर मुरूम. लाल, फुगलेले, दुखरे. आणि त्या गर्दीत, मधोमध नाही, जरा एका बाजूला, भुवईपासून केसांपर्यंत एक उभी पट्टी. स्वच्छ. एकही मुरूम नाही. केसांत भांग पाडावा तशी सरळ.

मास्तरांना आधी काही उमगलं नाही. मग त्यांचा हात आपोआप पुढं झाला. त्यांनी तो कपाळावर टेकवला नाही, वर अधांतरी धरला. तर्जनीखाली मुरूम. मधल्या बोटाखाली मुरूम. करंगळीखाली मुरूम. आणि जिथं ते वाकडं, रुसलेलं बोट टेकत नव्हतं, बरोबर तिथं ती स्वच्छ पट्टी.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मास्तरांना त्या दुपारी कळलं. ते हात तसाच धरून किती वेळ उभे राहिले कोण जाणे. लेकीच्या कपाळावर त्यांचा पंजा उमटला होता. तो त्यांनीच रोज, जीव ओतून, उमटवला होता.

कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. मास्तरांनी त्याची पायरी फारशी चढलेली नव्हती, कारण आपल्याला सगळ्यावर आपलं तेल. त्या दिवशी उघड्या डोक्यानं, भर उन्हात, ते तिथं गेले आणि काउंटरच्या काचेवर हात टेकून उभे राहिले. दुकानातल्या बाईंनी "काय देऊ?" विचारलं. मास्तरांनी नुसता हात उचलला. काचेवर पंजाचा तेलकट ठसा उमटला होता, एक बोट नसलेला. बाईंनी ठशाकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"तुम्ही भिंगरीचे बाबा का?" त्या म्हणाल्या.

मास्तर दचकले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"तिनं सांगितलं होतं ना, बाबांचं एक बोट वरच राहतं म्हणून. बरेच दिवस झाले, आली होती इथं. लाजत लाजत झालर वर केली आणि म्हणाली, यावर काहीतरी द्या."

"मग?"

"मग मी तिला समजावून सांगितलं. हे या वयात येतातच, घाबरायचं नाही. हा काही मळ नव्हे, की घासला आणि गेला. कातडीला स्वतःचंच तेल सुटतं, बारीक छिद्रं बुजतात आणि फुगतात. तुंबलेल्या मोरीत आणखी ओतून कसं चालेल? म्हणून विचारलं, घरात डोक्याला, कपाळाला कुणी तेल लावतं का? ती म्हणाली, बाबा लावतात. मी म्हटलं, मग ते सगळ्यांत आधी थांबव."

"आणि?"

"ती म्हणाली, ते सोडून बाकीचं सांगा."

मास्तरांनी काउंटर घट्ट धरला.

"म्हटलं, अगं, मुख्य तेच आहे. तर म्हणते, नाही, ते सोडून काय काय करता येतं ते सगळं सांगा, मी सगळं करीन." बाई सांगत होत्या. "मग सांगितलं बाकीचं. दोन वेळा हलक्या हातानं तोंड धू. अभ्रा स्वच्छ ठेव. हात लावू नकोस, फोडू तर मुळीच नकोस. डाग राहतात. लिंबू, टूथपेस्ट असले प्रयोग बंद. एक मलम दिलं, रात्री अगदी पातळसं लावायला. गुण यायला वेळ लागतो, धीर धर, आणि खोल दुखऱ्या गाठी यायला लागल्या तर सरळ डॉक्टरकडे जा म्हटलं. पोरगी मनापासून सगळं करतेय असं सांगत होती. तरी फरक नाही म्हणाली. कसा पडणार, मुख्य तेच राहिलं ना!"

दोरीवरचा अभ्रा मास्तरांच्या डोळ्यांपुढं आला, मांडीखाली दाबलेले ते हात आले, आणि संध्याकाळी झालर बाजूला करून वर झालेलं ते कपाळ आलं. दिवसभर जपलेलं कपाळ ती रोज संध्याकाळी आपणहून त्यांच्या हाताखाली आणून ठेवत होती. माहीत असून! मास्तरांनी जन्मभर माणसांची डोकी हाताळली होती, पण असलं डोकं त्यांनी बघितलं नव्हतं. एवढं कशाला, या पोरीच्या मनातलं हे एवढं मोठं त्यांच्या हाताला कधी कळलंही नव्हतं. त्यांना भरून आलं आणि भीतीही वाटली. दुकानाबाहेर येऊन रस्त्यात उभं राहूनच त्यांनी डोळे पुसले, तेही मनगटानं.

त्या दिवसापासून त्यांनी लेकीला हात लावायचा बंद केला. संध्याकाळी दारात आले की हात पाठीमागं. भिंगरी कपाळ वर करून उभी. "आज दमलोय गं," म्हणत मास्तर बाजूनं आत. दुसऱ्या दिवशी "पाय धुवून येतो." तिसऱ्या दिवशी काही नाहीच. खरं ते सांगावं, तर ती म्हणणार, असू दे हो बाबा, ठेवा. आणि तिनं तसं म्हटलं की आपल्याला राहवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

सलूनमध्ये मात्र त्यांनी हातांची धुलाई आरंभली. गिऱ्हाईक संपलं की साबण. गरम पाणी. शेजारच्या गॅरेजवाल्याकडून ग्रीस काढायची खरखरीत पावडर आणली, तिनं घासलं. मग राख, मग भुसा. धुवून झालं की वर्तमानपत्रावर तळवा दाबायचे आणि कागद उजेडाला धरायचे. कागदात खिडकी पडलेली असायचीच. "अहो मास्तर, हात आहेत का पातेली?" मालक ओरडले. हाताला चिरा पडल्या, झोंबायला लागलं, तरी तेल आतून कुठून तरी येतच होतं. इतक्या वर्षांचं मुरलेलं, ते काय असं निघतंय!

तिकडं काही आठवडे गेले आणि हळूहळू कपाळ निवळायला लागलं. मास्तर लांबून, चोरून बघायचे. लाली उतरली. फुगे बसले. नवे यायचे, पण मोजके, आणि आपले आपण सुकून जायचे. कुणी बोलावलं नाही, कुणी सांगितलं नाही, कातडं आपल्या मनानं गुपचूप स्वतःला सांधत होतं. हे सगळं हात न लावता होतंय! मास्तरांना त्याचं इतकं अप्रूप वाटलं की एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हात ठेवून ते भलतीकडंच बघत राहिले. त्यांनी आजवर जे काही बरं केलं ते हात लावून केलं होतं.

पण कपाळ सुधारलं आणि पोर बिघडली. भिंगरी संध्याकाळी दाराशी यायची थांबली. आता ती खिडकीशीही बसेना, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. आईनं एक दिवस मास्तरांना स्वयंपाकघरात गाठलं.

"काय चाललंय तुमचं? पोर म्हणते, बाबांना माझी किळस येते."

"काय?"

"तसंच म्हणाली. आधी एवढे मुरूम होते तरी हात फिरवायचे, आता बरी होतेय तर जवळसुद्धा येत नाहीत. काहीतरी वाईट दिसत असणार मी, म्हणाली. अहो, बोला की काही!"

मास्तर तसेच, चपलांसकट, आतल्या खोलीत गेले. भिंगरी उठून बसली. झालर एका बाजूला पिनेनं अडकवलेली होती आणि कपाळ दिसत होतं, थोडे डाग, दोन-तीन बारीक मुरूम, बाकी मोकळं. मास्तरांनी दोन्ही तळवे तिच्यापुढं धरले. चिरलेले, लाल, राखेनं खरवडलेले.

"बये, किळस कसली? या हातांनी तुझं वाटोळं केलं. तुझ्या कपाळावर मुरूम होते ना, ते माझ्या हाताचे होते. तू दुपारी झोपली होतीस तेव्हा मी बघितलं. रोज घासतोय, पण तेल जात नाही. जाईपर्यंत तुला कसा लावू?"

भिंगरी त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. औषधवाल्या बाईंनी सांगितलं सगळं. अगं, पण मला नाही का सांगायचं? एवढं सोसलंस, धावणं सोडलंस, आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही हात काढून घेतला असतात." तिचा आवाज चिरकला. "आता घेतलात तसा."

मास्तर नुसते उभे राहिले, भीक मागितल्यासारखे हात पुढं धरून. भिंगरीनं त्यांचा उजवा हात मनगटाला धरून जवळ ओढला. तळव्यावरच्या चिरा बघितल्या, नाकाशी नेऊन वास घेतला आणि नाक मुरडलं. मग तिनं तो हात उलटा केला. मागची बाजू. उन्हानं रापलेली, केसाळ, साधी, कोरडी. तिथं कधी तेल पोचलंच नव्हतं. ती बाजू तिनं आपल्या कपाळाकडे नेली.

आणि हात पालथा असल्यामुळं सगळ्यांत आधी टेकलं ते बोट. तेच. करंगळीशेजारचं, मोडकं, मागं वळलेलं. जन्मात ज्यानं कुणाचं कपाळ बघितलं नव्हतं, ते सगळ्यांच्या पुढं जाऊन लेकीच्या कपाळाला लागलं.

सवयीनं मास्तरांनी वाट बघितली, आता कळेल, गणित की भांडण की ताप. काही कळलं नाही. कपाळ कोमट होतं, मऊ होतं, एका ठिकाणी जरा खरखरीत होतं. बस्स, एवढंच. हाताची ही बाजू अगदीच अडाणी निघाली. मास्तर घाबरले. त्यांनी पुन्हा, नीट लक्ष देऊन, हात टेकवला. छे. लेक समोर डोळे मिटून बसली होती आणि तिच्या मनात काय आहे हे तिच्या बापाला आयुष्यात पहिल्यांदा ठाऊक नव्हतं.

त्यांनी घसा खाकरला.

"आज काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

भिंगरीनं डोळे उघडले. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. हा प्रश्न तिला त्यांनी कधी विचारलाच नव्हता.

"सगळं सांगू?"

"सगळं सांग."

"आज ना, त्या तिघी आल्या होत्या," ती म्हणाली, आणि सांगता सांगता तिनं उठून एक फेरी मारली, मग दुसरी, हातवारे करत, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मास्तर पालथा हात तसाच छातीशी धरून, चपला न काढता, तिच्या अंथरुणाच्या कडेला बसले आणि ऐकत राहिले.